गुरूसाठी जागा

अमरावतीच्या गच्चीवरून गुरू दिसायचा, नाही असं नाही. पण दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी ऊब सोडायचा आणि दुर्बिणीत बिचारा ग्रह उकळत्या चहासारखा थरथरायचा. उद्या ज्योत्स्ना शिकवायची त्या शाळेतल्या पोरी गुरूचे चंद्र पाहणार होत्या. म्हणून दिवस मावळल्यावर ती आणि तिचे बाबा, धर्मपाल, स्कूटीवरून भातकुलीच्या पुढे जागा शोधत निघाले.

रस्त्याकडेला हरभऱ्याचं शेत लागलं. पूर्वेला झाड नाही, घर नाही. त्यात लाइन गेलेली, बाजूच्या गावात एकही दिवा नव्हता. बाबा भलतेच खूश झाले. हेल्मेटमध्ये शिट्टी वाजते म्हणून कानाचं मशीन त्यांनी खिशात टाकलं होतं, आणि मशीन काढलं की हा माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नसे. दुर्बिणीची तिपाई खांद्यावर टाकून ते शेताच्या बांधावरून, धुऱ्यानं पुढे निघालेसुद्धा.

ज्योत्स्ना स्कूटी उभी करून मागून आली. टॉर्चच्या उजेडात तिला बांबूच्या खुंट्यांवरून गेलेली उघडी तार दिसली. करंट खुंटीत उतरू नये म्हणून खुंटीखुंटीला प्लास्टिकच्या बाटलीचा तुकडा, आणि टोक थेट विजेच्या खांबावर आकडा टाकून चढवलेलं. रानडुकरांसाठी. अशाच तारेनं गेल्या हंगामात शाळेचे शिपाई सुगतभाऊ गेले होते.

आणि समोर बाबा तीच तार मुठीत धरून उभे होते.

“मी वर धरतो, तू खालून निंग!”

“बाबा, सोडा! सोडा थे तार!”

ऐकू कुठं येतंय! तिनं त्यांच्या तोंडावर टॉर्च मारला, हात हलवले. बाबांनी मान फिरवली. अंधाराला सरावलेले डोळे उजेडानं बिघडतात, हे तिला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं.

“बंद कर थो टॉर्च! डोये खराब करून राहिली तू!”

ती धावत सुटली. ढेकळात पाय मुरगळला, तशीच धावली. लाइन आता येईल, आत्ता येईल, याखेरीज डोक्यात काही उरलं नव्हतं. जवळ पोचली आणि तिचा हात आखडला. नेमकी याच क्षणी आली तर दोघंही जाणार. तिला मरणाची भीती वाटली, स्वतःच्या मरणाची. मग तिनं डोळे गच्च मिटले आणि बाबांचा सदरा धरून हिसका दिला. तार मुठीतून सुटली आणि दोघंही हरभऱ्यात आडवे झाले.

ते उठून बसतात न बसतात तोच गावातले दिवे लागले.

“गेला ना अंधार!” बाबा चिडले. “अन् तू कावून ओढलं मले?”

ती त्यांना दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली, तारेकडे हलू देईना. हुंदके आवरत नव्हते. बाबांना ते ऐकू येत नव्हते, पण तिचं अंग थरथरतंय हे कळलं. तिच्या पाठीवर थोपटत ते म्हणाले,

“रडू नको माय. जागा झकास हाये. उद्या पोरीयले इथंच आणू.”