घड्याळजींच्या दाढेतली वीज

साठी उलटलेले घड्याळजी समोरच्या दुकानातल्या, एकट्याच राहणाऱ्या टेलरबाईंचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला गेले. बाईंनी लिंबू पिळून थंडगार सरबत पुढे केलं. पहिला घोट घेतला, दातावर दात टेकला आणि जबड्यात सण्णकन वीज चमकली! डोळ्यांपुढे काजवे. समोर गळ्यात टेप अडकवून बाई हसत उभ्या. विधुर घड्याळजी पार विरघळले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सरबत, पुन्हा झटका. मग काय, ते घड्याळ रोजच बिघडू लागलं.

घड्याळजींची भाची दातांची डॉक्टर. त्यांनी तिला गाठलं. "बाईंसमोर बसलो की करंट लागतो गं."

"कुठे, छातीत?"

"दाढेत."

भाची खुर्चीवरून पडायचीच बाकी राहिली. "अरे मामा! खालच्या दाढेवर तुझी जुनी सोन्याची टोपी, वरच्या दाढेत मी हल्लीच भरलेली चांदी, मधे आंबट सरबत. तोंडात बॅटरी झालीये तुझ्या! आंबटानं वीज जोरात वाहते, शिवाय धातूही झिजतो. चांदी काढून पांढरं भरते."

मामांचा चेहरा पडला. "म्हणजे बाईंचा काहीच संबंध नाही?"

"सरबत त्यांनीच केलं ना? मग आहे की थोडासा."

दाढ नव्यानं भरून घड्याळजी धडधडत्या छातीनं बाईंच्या दुकानात गेले. घोट घेतला. काही नाही. दुसरा घेतला. छे!

"तोंड एवढंसं का? साखर कमी पडली?" शिलाई मशीनवर बसलेल्या बाईंनी विचारलं.

घड्याळजींनी सगळं सांगून टाकलं. बाई हसत सुटल्या. हसता हसता पायाखालचं पायडल दाबलं गेलं, मशीन सुसाट धावलं आणि गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले गेले.

"आता झटका नाही, तरी बसलाय की," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

"बसलोय खरा." घड्याळजींनी मान खाली घातली. "घड्याळ पहिल्याच दिवशी ठीक झालं होतं. पुढे मीच रोज एक स्क्रू सैल ठेवायचो."

"आणि तरीही चाललंच, तर मी काटे मागे फिरवायचे!"

दोघंही असे खिदळले की शेजारचा चांभार डोकावून गेला.

पँटचा एकेक पाय धरून दोघं टाके उसवायला बसले. लग्नाचं विचारायचं घड्याळजींना तेव्हाच सुचलं. बाईंनी दातात दोरा धरला होता, म्हणून नुसतीच जोरजोरात होकारार्थी मान हलवली.