पाणचुलीचं माप

नव्या घरात आंघोळीचं पाणी कशावर तापवायचं, याचा खल करायला तीन पुरुष सकाळपासून पडवीत बसले होते, आणि तिघांपैकी एकानंही जन्मात कधी तांब्याभर पाणी तापवलं नव्हतं. सावित्री बाजूला फणसाच्या आठळ्या सोलत ऐकत होती. ऐकण्यासारखं काही नव्हतं, पण कान काही बंद करता येत नाहीत.

घर नोकरीसाठी बाहेरगावी असलेल्या मुलाच्या, अजिंक्यच्या हौसेचं. वीज वाचवणारं. चिऱ्याच्या दुहेरी भिंती, मध्ये पोकळी, वारा खेळेल असं छप्पर. शुभंकर नावाचा आर्किटेक्ट रत्नागिरीहून कागदांची भेंडोळी घेऊन आला होता. या घरात सगळं वाचणार होतं. सावित्रीची छाती तेवढी कुठल्या कागदावर नव्हती. पस्तीस वर्षं न्हाणीघरामागच्या पाणचुलीसमोर बसून फुंकणी फुंकल्यावर ती छाती आता भात्यासारखी वाजायची. धुराजवळ जाल तर श्वास कायमचा जाईल, असं डॉक्टरनं शिमग्याआधी बजावलं होतं. तेव्हा नवरा शेजारच्याच खुर्चीत होता.

तो नवरा, आत्माराम, पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झालेला. आपण महाराष्ट्राला उजेड दिला, असं येईल त्याला सांगायचा. बायको मागीलदारी काटक्या फुंकत बसते, यात त्याला कधी काही विचित्र वाटलं नाही.

शुभंकरनं विचारलं, रोज आंघोळीला माणसं किती. दोन, बापलेक एकदमच म्हणाले. सावित्रीला हसू आलं. गणपतीत मुंबईहून तिन्ही दीर बायकापोरांसह उतरत. सोळा डोकी, बाहेर भाद्रपदाचा पाऊस, आणि जो तो टॉवेल खांद्यावर टाकून कढत पाण्यासाठी ओरडणार. मे महिन्यात आंबे चोखताना ती डोकी कुणाला आठवतात?

मग अक्कल पाजळणं सुरू झालं. अजिंक्य म्हणे सोलर. आत्माराम म्हणे चार महिने ऊन कुठलं. शुभंकरनं हवेतली ऊब ओढून पाणी तापवणाऱ्या यंत्राचं नाव काढलं, ते आत्मारामनं नोकरीच्या जोरावर उडवून लावलं. त्याच्या नोकरीत पाणी टर्बाइनवर पडायचं, तापायचं नाही, पण सांगणार कोण. सोलरच्या टाकीत विजेची कॉइल घालू, असं शुभंकरनं म्हटलं, तर वीज वाचवायला निघालेल्या अजिंक्यचं तोंड पडलं. शेवटी आत्मारामनं निकाल दिला: आठ महिने दोघांपुरतं सोलर, आणि पावसाळ्यात, गणपतीत मागे नवी पाणचूल. झावळ्या, नारळाची सोडणं घरचीच. तिघेही खूश. पेटवणार कोण, हे विचारायची गरज एकालाही वाटली नाही, इतके ते शहाणे.

चूल घालताना ती फुंकणाऱ्या बाईला समोर बसवून माप घ्यायची तिथली रीत. शुभंकरनं टेप काढला आणि काकींना हाक मारली. सावित्री उठली, मागीलदारी गेली आणि फुंकणी आणून तिनं आत्मारामच्या हातात दिली.

"माजा माप कशाला? ह्यांचा घ्या. पावसाळ्यात चुलीम्होरं हेच बसनार हायत."

अजिंक्य हसला. आई थट्टा करत नाही हे कळल्यावर थांबला. आत्मारामच्या आंघोळीचं पाणी तिनं आज तापवलंच नव्हतं, चुलीत ओलसर सोडणं तशीच होती. त्यानं फुंकून दाखवावं, म्हणजे बरोबर माप मिळेल, असं तिनं शांतपणे सांगितलं. परक्या माणसादेखत नाही म्हणायची पंचाईत. आत्मारामनं मागीलदारी जाऊन सोडणांना काडी लावली आणि तो उकिडवा बसला. तिसऱ्या फुंकरीला धूर उलटा तोंडावर आला, आणि महाराष्ट्राला उजेड देणारा डोळे पुसत खोकू लागला. तिला त्याची कीव आली नाही. तिचा खोकला त्यानं पस्तीस वर्षं पडवीत बसून ऐकला होता.

ती शुभंकरकडे वळली. "दोन खोडा, सोळा लिवा. उन्हावर तापवा, नायतर विजेवर तापवा. माज्या छातीवर नको."

शुभंकरनं दोन खोडले. अजिंक्यनं खाली मान घालून कॉइलला हो म्हटलं. आत्माराम अजून खोकत होता, आणि त्याच्या आंघोळीचं पाणी थंडगारच होतं.