वेशीवरची कमान

बीबी गावाजवळच्या एका लहान खेड्यात सत्यभामाबाई पाच वर्षं सरपंच होत्या. निवडणूक तोंडावर आली आणि गावाला वेशीवर कमान हवीशी वाटू लागली. बाईंनी मात्र साफ नकार दिला. पंचायतीचा पैसा त्यांनी नव्या विहिरीसाठी राखून ठेवला होता. फक्त सरकारी मंजुरी यायची बाकी होती.

"मंजुरी येईस्तोवर निवडणूक होऊन जाईन," त्यांचे यजमान हिंमतराव म्हणाले. "कमान बांधून टाक. लोकायले डोळ्यानं दिसते तेच पटते."

"आन् उन्हाळ्यात बाया पाणी कुठून आणतीन? कमानीतून?"

बाई पडल्या. त्यांच्या आळीतल्या बायकांनीही त्यांना मतं दिली नाहीत. नव्या सरपंचानं पहिल्याच बैठकीत राखलेला सगळा पैसा कमानीला लावला.

एप्रिलात विहिरीची मंजुरी आली, पण पंचायतीत पैसाच उरला नव्हता. सत्यभामाबाई हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढे उभी असलेली शेजारीण विमल मागे वळली.

"पाच वर्षांत तुमी काहीच केलं नाही, बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं.

रांग हलली तसा सत्यभामाबाईंनी हंडा पायानं पुढे सरकवला.