पहिल्या ट्रान्झिस्टरचा मान

"झाकणच वाकडं आलंय. पत्रा कापणाऱ्याला डोळे नाहीत," मामंजी माझ्या कानाशी पुटपुटले.

आमच्या टेबलाशी दोघं बसलं की कोपराला कोपर लागतं, त्यामुळे सासऱ्यांचं पुटपुटणं मला आपसूक ऐकू येतं. झाकण सरळ होतं. काल त्यांच्या मते दिवा मंद होता, परवा डाख द्यायच्या सोल्डरच्या तारेत भेसळ होती.

आम्ही टीव्हीच्या डिशवरचे अ‍ॅम्प्लिफायर बनवतो. उपग्रहाकडून येणारा सिग्नल अगदी जेमतेम असतो. पहिल्या ट्रान्झिस्टरनं त्यात स्वतःची खरखर मिसळली, की पुढचे ती इमानेइतबारे मोठी करत नेतात. म्हणून पहिला मामंजींनीच लावायचा, हा घरचा नियम. पुढचे दोन माझे. मी हे कॅटलॉग वाचून आणि बोर्ड जाळून शिकले. जळका बोर्ड बघून मामंजी नुसतं "हं" म्हणायचे.

सहा महिन्यांपासून मात्र त्यांच्या सोल्डरचा थेंब फुगायला लागला. खालच्या फ्रिक्वेन्सीच्या चॅनेलांना ते खपून जातं, वरच्या टोकाला चित्राचे चौकोन चौकोन होतात. आणि आम्हाला तर खालपासून वरपर्यंत चॅनेलांचा अख्खा पट्टा सांभाळायचा. मग दुपारी ते लवंडले, की मी त्यांचा थेंब काढून नवा घालायचे. सासूबाई दाराशी राखण करायच्या, ते उठले की खोकायच्या. मामंजींनी त्यांना खोकल्याचं औषध आणून दिलं. बिचाऱ्या प्यायल्याही.

आज ते लवंडलेच नाहीत. चार वाजता माल घेणाऱ्या कंपनीच्या बाई नमुना तपासायला येणार होत्या. पास झाला तर वर्षभराचं काम, नाही तर दुकानाला कुलूप. नमुन्यावर अजून त्यांचाच थेंब होता; मीटरवर खालचं टोक सुरेख होतं. वरचं बघवत नव्हतं. तीन वाजले. चहा आत ठेवलाय, मी सांगून पाहिलं. ते हलले नाहीत. आतून सासूबाई खोकल्या, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नसावं.

मामंजींनी झाकण बाजूला ठेवलं आणि तापलेलं सोल्डरिंग आयर्न मूठ माझ्याकडे करून सरकवलं.

"सहा महिने माझी रीडिंगं इतकी छान येतायत," ते म्हणाले. "तरुणपणीसुद्धा कधी आली नव्हती. मला कळणार नाही होय?"

मी मान खाली घालून तारेचं टोक कापत बसले.

"मला दिसत नाही गं आता. पहिला तू लाव."