सहा शब्दांचा निरोप

मित्रांनो, रुग्णालयातल्या एका कपाटावर धूळ खात पडलेला मी एक जुना कीबोर्ड आहे. जन्मलो कुठल्याशा कारखान्यात, पण कामाला लागलो ते इथे, टायपिस्ट काकूंच्या बोटांखाली.

काकू मोठ्या खवचट. डॉक्टर घाईघाईने सांगू लागले की त्या मध्येच हात थांबवत. "पंधरा की पन्नास? तोंडातल्या तोंडात बोलू नका, डॉक्टर. जिवाशी गाठ आहे." डॉक्टर चिडत, पण नीट सांगत. अकरा वर्षं आम्ही असं काम केलं. मला त्याचा गर्व होता.

मग बोललेलं आपोआप लिहून देणारा फोन आला. काकू घरी बसल्या, मी कपाटावर. खरं सांगतो, मी जळलो. कामं मात्र पटापट उरकू लागली, हेही कबूल करतो.

एकदा इथले रखवालदार मामाच पेशंट म्हणून दाखल झाले. ते रोज रक्त पातळ करणारी गोळी घेत. दुपारी त्यांचं ऑपरेशन होतं. सकाळी ती गोळी पोटात गेली, तर रक्त थांबणार नव्हतं. डॉक्टर माझ्यासमोर उभे राहून फोनला म्हणाले, "मामांना रोजची गोळी आज देऊ नये." आणि तसेच निघून गेले.

सिस्टर नुकतीच ड्यूटीवर आली होती. तिने निरोप वाचला. "'मामांना रोजची गोळी आज देऊन ये.' अगं बाई, डॉक्टर आज एकदम एकेरीवर!" ती हसली आणि गोळी घेऊन गेली.

मी सगळं ऐकलं होतं. पण बोटांवाचून मी मुका. 'ध'चा 'मा' करायला पूर्वी निदान माणूस तरी लागत असे.

मामा टेबलावरच गेले.

मित्रांनो, मला खाली उतरवा असं मी म्हणत नाही. खुशाल बोलून लिहा. पण पाठवण्याआधी एकदा वाचत जा, हात जोडून सांगतो.

त्या संध्याकाळी डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते, "मी 'देऊ नये' असंच म्हणालो होतो हो." मामांच्या मुलीने सिस्टरच्या हातातून फोन घेतला. निरोपावरून सावकाश बोट फिरवलं.

"सहा शब्द आहेत, डॉक्टर," ती म्हणाली. "सहाच."