निझारने पोचवलेला निरोप

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरातल्या वहीदाचं फ्रेंच कंपनीतलं नकाशे काढायचं काम एकाच चॅट अ‍ॅपवर चालायचं. साहेबाचा फोन नंबर, ईमेल, काहीच तिच्याकडे नव्हतं. एका सकाळी अ‍ॅपने तिचं खातं बंद केलं. ती तडक निझारकडे गेली. त्याला हे काम तिनेच शिकवलं होतं, कंपनीतही तिनेच चिकटवलं होतं.

"साहेबांना एवढं कळव रे."

"कळवतो ताई, तू निर्धास्त राहा."

आठवडा झाला तरी उत्तर नाही, म्हणून ती पुन्हा गेली. निझार चहा आणायला आत गेला, तेव्हा तिने त्याच्या स्क्रीनवर साहेबांना पाठवलेला निरोप वाचला. 'वहीदाचं लग्न ठरलं, तिने काम सोडलं. तिचे नकाशे मी करतो.'

निझार चहा घेऊन आला. वहीदा अजून स्क्रीनसमोरच उभी होती.

"वाचलंस ना? सांगायचा त्रास वाचला," तो म्हणाला. "चहात बदाम घालू?"