ठराव अडवणारी पाटी

वाळूत रुतलेला शाळेचा दरवाजा. पुदिन्याची जुडी. चहावरचा दाट फेस. काढून ठेवलेला चष्मा.

मित्रांनो, हे सगळं माझ्या एकाच दुपारचं आहे. मी एक जुनी पाटी आहे. सभेत टेबलावर देशाचं नाव लिहिलेली पाटी असते ना, तीच. नुआकशोतच्या एका सुताराने मला घडवलं आणि माझ्यावर ‘मॉरिटानिया’ लिहिलं. आडवी असते तोवर मी गप्प. ठरावाच्या वेळी उभी राहिले, तर माझ्या देशाची हरकत. एकाची जरी हरकत आली तरी ठराव अडतो.

माझ्यामागे आमच्या देशाची प्रतिनिधी वर्दा बसायची. तिच्या गावातल्या शाळेत वाळू शिरली होती. वाळवंटाकाठच्या सगळ्या देशांनी मिळून रोपवाटिका काढावी आणि वाळू जिथे दाराशी आली तिथे आधी झाडं लावावीत, हा मसुदा तिचाच. त्या दिवशी तो अडला असता, तर त्या वर्षीचा पाऊस वाया जाणार होता.

शेजारी मालीचा सेकू. हरकत घ्यायला त्याचा हात त्याच्या पाटीवर तयार.

"कोणाची हरकत?" अध्यक्षांनी विचारलं.

नेमका तेव्हाच सभेचा चहावाला ह्मेदामामा पुदिन्याच्या चहाचं तबक घेऊन आला. टेबलावर जागा नव्हती. वर्दाने मला उचललं आणि उभं करून ठेवलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "वर्दाबाई, स्वतःच्याच मसुद्याला?"

"मामा, तुझ्या चहाने घात केला," वर्दा पुटपुटली.

"चहाला नावं ठेवू नकोस. पाटी तू उभी केलीस."

सेकू पोट धरून हसला. "माझं काम तूच केलंस की. आधी तुझं गाव, मग जग, होय ना?"

"भांडायचंय ना?" मामाने पेले मांडले. "मग बसा दोघं. पण आपला चहा तीन पेल्यांचा; तिसरा होईपर्यंत उठायचं नाही."

अध्यक्षही खुर्ची ओढून आले.

पहिला पेला, कडक: दोघं कडाकडा भांडली.

दुसरा: सेकू म्हणाला, सीमेपलीकडे त्याच्या गुराख्यांची विहीरही वाळूने बुजत चाललीय.

तिसरा, सगळ्यांत गोड: वर्दाने मसुद्यात ‘दाराशी’च्या पुढे ‘किंवा विहिरीशी’ असं लिहिलं, आणि सेकूने त्याच्या पाटीवरचा हात काढला. मग तिने मला अलगद आडवं केलं. काय टाळ्या पडल्या! आडवं होण्यात एवढा आनंद असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

आता माझी अक्षरं उडाली आहेत. मी कपाटात असते. तिथेही मजेत आहे. मित्रांनो, रोपाला पाणी घालाल तेव्हा कुंपणापलीकडच्या रोपालाही ओंजळभर घाला.

वर्दाच्या शाळेपुढचे रोपांसाठीचे पहिले खड्डे सेकूच्या गुराख्यांनी खणले.